ज्याचं त्याने सांभाळू नये

"आजी, माझा फोन दे."

"कुठला फोन?" असं म्हणून आजींनी घाईघाईने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. वर्तमानपत्र उलटं होतं.

बेबीने ते सुलट करून परत आजींच्या हातात दिलं. बेबी हे नाव ऐकून कोणी दुपट्यातलं बाळ डोळ्यांसमोर आणू नये. चांगली पंचविशी उलटलेली, शिकलेली मुलगी होती. पण घरात एकदा पडलेलं नाव पोलिसात तक्रार केली तरी सुटत नाही. तर या बेबीला आज सकाळी एक फोन येणार होता. लांबच्या एका शहरात तातडीच्या मदत केंद्रात जागा निघाली होती. लोक घाबरून, रडत-ओरडत फोन करतात, आणि पलीकडे बसलेल्या माणसाने स्वतः न घाबरता नेमकं काय झालंय ते विचारून ॲम्ब्युलन्स धाडायची, असं ते काम. बेबीने त्या जागेसाठी जिवाचं रान केलं होतं. लेखी परीक्षा झाली, त्यात ती पहिल्या काहींत आली, आता फोनवरची मुलाखत तेवढी उरली होती. केंद्राने स्पष्ट कळवलं होतं की सकाळी दोनदा फोन करू. उचलला नाही तर पुढच्या उमेदवाराला करू. तातडीचं केंद्र म्हटल्यावर त्यांनी तरी किती वाट बघायची?

"आजी, खेळ पुरे. आज देईन म्हणाली होतीस."

"म्हणाले होते खरी," आजी वर्तमानपत्राआडून म्हणाल्या. "पण तो आता माझ्याकडे नाहीये गं."

आता या घराची रीत सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. आजींची सारी नोकरी बसस्थानकावरच्या सामानघरात गेली. लोक येत, ट्रंका-बोचकी ठेवत, बिल्ला घेऊन जात. तेवढ्या वर्षांत आजींनी एक गोष्ट पाहून ठेवली होती. माणूस स्वतःची पिशवी बाकावर विसरून खुशाल चहा प्यायला जातो, पण कोणी 'जरा बघा हं' म्हणून सोपवलेल्या पिशवीपाशी मात्र डोळ्यांत तेल घालून बसतो. "पिशवीचं तेच मनाचं," असं त्या म्हणत. "ज्याचा मोह त्याने सांभाळू नये. दुसऱ्याकडे ठेवावा."

घराने हे मनावर घेतलं. आजींना साखरेचा आजार आणि बिस्किटांचा सोस. त्यांचा बिस्किटांचा डबा दातांचे डॉक्टर असलेल्या त्यांच्या मुलाने आपल्या दवाखान्यातल्या कपाटात कुलपात घातला. डॉक्टरांना राग आवरत नसे. पेशंटवरही ते चिडत, पण पेशंटच्या तोंडात हत्यार असल्यामुळे वाद वाढत नसे. वाढे तो सोसायटीच्या ग्रुपवर. पाण्याच्या टाकीवरून त्यांनी अध्यक्षांना असं काही लिहिलं होतं, की अध्यक्षांनी कवळी अर्धी झालेली असताना दुसरा डॉक्टर गाठला. तेव्हापासून डॉक्टरांचा फोन दिवसभर बायकोच्या पर्समध्ये राहू लागला. बायको, म्हणजे बेबीची आई, शाळेत चित्रकला शिकवे. तिला ऑनलाइन खरेदीचं वेड. डबे ठेवायला डबे, आणि त्या डब्यांची झाकणं हरवतात म्हणून आणखी डबे. तिने आपणहून बँकेला बेबीचा नंबर देऊन टाकला. खरेदी करायची तर ओटीपी बेबीच्या फोनवर येणार, आणि बेबी तो काही केल्या सांगणार नाही. राहता राहिली बेबी. ती फोन हातात घेई तो किती वाजले बघायला, आणि खाली ठेवी तेव्हा पाहिलेली वेळ केव्हाच उलटून गेलेली असे. म्हणून तयारीपुरता तिने आपला फोन आजींच्या हवाली केला होता.

"तुझ्याकडे नाही म्हणजे? मग आहे कोणाकडे?"

आजींनी वर्तमानपत्र खाली घेतलं. चेहरा पार उतरला होता. "अगं, तू दिलास त्या दुपारी म्हटलं, चालू तरी आहे का बघावं. तर त्यात एक माणूस गालिचा धूत होता."

"गालिचा?"

"इतका मळका गालिचा मी जन्मात पाहिला नाही. म्हटलं, हा काय निघतोय! तर निघाला गं! खालून निळा निघाला! मग त्याने दुसरा घेतला. तो तर पुरात सापडलेला. आता अर्ध्यावर सोडून उठायचं का माणसाने? जेवण राहिलं, औषध राहिलं. संध्याकाळी माझी मलाच भीती वाटली. म्हटलं, हे काही आपल्याच्याने व्हायचं नाही. दिला तुझ्या बापाकडे."

"आणि मला सांगितलं नाहीस!"

"कुठल्या तोंडाने सांगू? अख्खी नोकरी लोकांचं सामान सांभाळलं. एक बोचकं इकडचं तिकडे झालं नाही. आणि सख्ख्या नातीचा एवढासा फोन..." आजींचा आवाज खरोखरच कापायला लागला. पण बेबीला त्यांचं सांत्वन करायला वेळ नव्हता. ती पुढच्या खोलीत धावली.

पुढची खोली म्हणजेच दवाखाना. खुर्चीत एक टेम्पोवाला आ वासून पडला होता. त्याचा अर्धा चेहरा इंजेक्शनने बधिर झालेला, दाढेत कापूस कोंबलेला.

"बाबा, माझा फोन!"

"पेशंट आहे, दिसत नाही?" डॉक्टर कडाडले.

"आँ," पेशंटने दुजोरा दिला.

"आजीने तुमच्याकडे दिलाय तो. द्या चटकन. कुठल्याही क्षणी वाजेल."

डॉक्टर लालबुंद झाले. रागावलेला माणूस आणि अडचणीत सापडलेला माणूस सुरुवातीला सारखेच दिसतात. मग ते पेशंटच्या दाढेकडे बघत म्हणाले, "माझ्याकडे नाहीये."

"बाबा!"

"तुझ्याही फोनमध्ये सोसायटीचा ग्रुप आहे हे मला काय माहीत? सहज नजर गेली, तर अध्यक्षांनी लिहिलेलं, की टाकी वेळच्या वेळी धुतली जाते. वेळच्या वेळी! ऐकलंत का हो?" हे पेशंटला. त्याच्या तोंडातला छोटा आरसा थरथरायला लागला होता. "मग मी उत्तर लिहिलं."

"माझ्या नावाने?"

"पाठवलं नाही. नुसतं लिहिलं. चांगलं ऐसपैस लिहिलं. बोट टेकवणार, तेवढ्यात लक्षात आलं की वर नाव तुझं दिसणार. घामच फुटला मला. सगळं पुसलं आणि तडक तुझ्या आईकडे फोन देऊन मोकळा झालो."

"आई तर शाळेत गेली!"

"मग तिला फोन कर. त्यात काय एवढं?"

"कशावरून करू? कपाळावरून? तुमचा फोन तिच्या पर्समध्ये, माझा तिच्याकडे, आणि आजीला फोनच नाही!"

बापलेकींची नजर एकदमच पेशंटच्या शर्टाच्या खिशावर गेली. टेम्पोवाला भला माणूस. त्याने पडल्या पडल्या फोन काढून दिला. बेबीने आईचा नंबर लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"नाही उचलायची ती," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "अनोळखी नंबरवरून कोणी ना कोणी तिला काही ना काही विकतं, आणि ती घेते. मागे एकाने फोनवर शिडी विकली तिला. तेव्हा मीच शपथ घातली, की अनोळखी नंबर उचलायचा नाही म्हणून."

बेबीने डोकं धरलं. घरातली सगळी कुलपं अगदी पक्की होती. कोणीही लबाडी करत नव्हतं. प्रत्येक जण दुसऱ्यासाठी इतका चोख वागत होता, की बेबीची नोकरी आता देवाच्याच भरवशावर होती.

तेवढ्यात खुर्चीतून "आँ, आँ" असा आवाज आला. टेम्पोवाल्याने किल्ली वर धरली होती आणि दाराकडे बोट दाखवत होता. शाळेपर्यंत सोडतो, असं त्याचं म्हणणं. त्यात परोपकार होताच, पण अर्धवट दाढ घेऊन डॉक्टरांना नजरेआड होऊ द्यायला तो तयार नव्हता हेही तितकंच खरं. आजी चप्पल घालून आधीच दारात उभ्या होत्या. "चूक माझी आहे, मी येणार," म्हणून त्या पुढे ड्रायव्हरशेजारी चढून बसल्या. त्यांच्या बाजूला अंग चोरून बेबी. मागच्या भागात कोणाकोणाच्या घरी पोचवायच्या गाद्या रचलेल्या होत्या, त्यांच्यावर डॉक्टर चढले. अंगात पांढरा कोट, हातांत मोजे, गळ्यात मास्क. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, शहरात गाद्यांची साथ आली आहे.

चौकात मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. डॉक्टर गादीवर उभे राहिले. "काय रे! विमान पकडायचंय का? शिकवतो तुला, थांब!"

बेबीने मागच्या काचेवर टकटक केलं. "बाबा, बसा खाली. मागे बघू नका. माझ्याकडे बघा. हं, असं."

आणि काय आश्चर्य, डॉक्टर बसले. हॉर्नवाल्याला शिकवायचं मात्र राहून गेलं.

शाळेत आईचा तास चालू होता. मुलं फळांची टोपली काढत होती. दारात कोट घातलेला नवरा, धापा टाकणाऱ्या सासूबाई, रडवेली मुलगी आणि गाल सुजलेला एक परका माणूस बघून आईच्या हातातला खडू गळून पडला.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कोणी गेलं नाही. आई, माझा फोन कुठाय? मुलाखत आहे!"

आईच्या जिवात जीव आला, आणि लगेच चेहरा कसानुसा झाला. तिने सगळ्यांना वर्गाबाहेर घेतलं. "घरी आहे."

"घरी कुठे? कोणाकडे?"

"हे बघ, ह्यांनी दिला तेव्हा मी ठेवून घेतला. पण बेबी, ओटीपी येतो तोच फोन माझ्या हातात! कुलूपही माझ्याकडे आणि किल्लीही माझ्याकडेच. त्यात नेमका झाकणांचा सेल. डबे नाहीत, निव्वळ झाकणं! माझा जीव नुसता वरखाली. शेवटी डोळे मिटून फोन बंद केला आणि विचार केला, की आता द्यायचा कोणाकडे? आई गालिचे बघत बसतात, हे भांडत बसतात, माझं हे असं. घरात उरलं कोण? उरलीस तू."

"मी?"

"तुझ्या हातात कशी देईन? तुझ्याच कपाटात ठेवलाय. इस्त्रीच्या कपड्यांच्या गठ्ठ्याखाली. म्हटलं, तिथे हात लावायचा मोह काही तुला व्हायचा नाही."

तो गठ्ठा तिथे किती महिने होता, ते गठ्ठ्यालाही सांगता आलं नसतं.

शेजारच्या वर्गावरच्या बाईंना मुलांकडे बघायला सांगून आईही टेम्पोत शिरली. घरी पोचल्यावर बेबीने गठ्ठा उपसला, फोन काढला, चालू केला. पहिलाच मेसेज होता, की मदत केंद्रातून एक फोन येऊन गेला. म्हणजे आता उरला एक. सबंध घरात दवाखान्यातच रेंज धड येई, म्हणून सगळी वरात दवाखान्यात आली. फोन हत्यारांच्या तबकाशेजारी ठेवला आणि जो तो त्याच्याकडे टक लावून बघत बसला. पेशंट मुकाट्याने आपल्या खुर्चीत जाऊन आ वासून पडला. त्याला मध्येच कळ आली, म्हणून डॉक्टरांनी कपाट उघडून नवा कापूस काढला, आणि किल्ली कुलपालाच राहिली.

फोन वाजला. बेबीने उचलला आणि डॉक्टरांनी अधीरपणाने स्पीकरचं बटण दाबलं.

"नमस्कार. मदत केंद्रातून बोलतेय," एका बाईंचा कोरडा आवाज आला. "मघाशी तुमचा फोन बंद होता."

"बंद होता म्हणजे?" डॉक्टर उसळले. "माणसाच्या अडीअडचणी असतात! दोनदाच फोन, ही कुठली पद्धत..."

आईने त्यांच्या गळ्यातला मास्क ओढून तोंडावर चढवला. पुढचं वाक्य मास्कमध्येच विरलं.

"माफ करा मॅडम. माझे वडील आहेत."

"हरकत नाही. पहिला प्रश्न. समजा, एका घरातून फोन आलाय..."

इथे कपाटाच्या दाराआडून एक विचित्र आवाज आला. खोकला नाही, शिंक नाही, नुसतं घुसमटणं. झालं होतं असं, की सबंध घर फोनकडे बघतंय आणि कपाट सताड उघडं आहे, असा योग आजींच्या आयुष्यात पुन्हा येणार नव्हता. त्यांनी डबा उघडला आणि हाताला लागतील तितकी बिस्किटं एकदम तोंडात कोंबली होती. त्यातलं एक आडवाटेला गेलं. आजींचे डोळे पांढरे झाले होते, हात गळ्याशी.

"आई!" डॉक्टर ओरडले. "आई!" सूनबाई ओरडल्या. "आँ!" पेशंट ओरडला. तबक खाली पडलं आणि हत्यारं खोलीभर विखुरली.

बेबीने फोन खुर्चीच्या हातावर ठेवला. तिचा आवाज आपोआप खाली आला. "बाबा, ओरडू नका, आजीच्या बाजूला उभे राहा. आजी, माझ्याकडे बघ. खोकता येतंय का? खोक. बोलू नकोस, नुसतं खोक. नाही येत? बरं. बाबा, तिला पुढे वाकवा. पाठीवर मारा, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, तळहाताने. जोरात. तुमची आई आहे म्हणून हळू नको. आई, तू दार उघड आणि दारातच थांब. काका, टेम्पो सुरू करून ठेवा, पळा. बाबा, अजून एक. अजून एक."

बिस्किट सुटलं आणि डॉक्टरांच्या बुटावर येऊन पडलं. आजींनी मोठ्ठा श्वास घेतला, मग दुसरा, आणि डोळ्यांतून पाणी काढत त्या म्हणाल्या, "क्रीमचं होतं."

बेबीने त्यांना पेशंटच्या खुर्चीत निजवलं, पाठ चोळली, श्वास नीट चालतोय ना ते पाहिलं. मग तिची नजर फोनवर गेली. संपलं सगळं. प्रश्नसुद्धा पुरता ऐकला नव्हता. तिने फोन उचलला. "मॅडम, माफ करा. मुलाखत..."

"आजी कशा आहेत?"

"आं? बऱ्या आहेत. श्वास नीट चालू आहे. तरी लगेच डॉक्टरांना दाखवून आणते. म्हणजे दातांच्या नाही, खऱ्या."

मास्कमागे काहीतरी हललं.

"आमच्याकडे मुलाखतीत एक रेकॉर्डिंग लावतात," बाई म्हणाल्या. "घरात आरडाओरडा चाललेला, भांडी पडताहेत, कोणीतरी गुदमरलंय. उमेदवाराने काय करायचं ते सांगायचं. पण ते काही आता लावत नाही मी." पलीकडून पहिल्यांदाच हसल्यासारखा आवाज आला. "सोमवारी हजर व्हाल? इथे एकटीने राहावं लागेल, आणि घरी सारखं जाता येणार नाही. आधीच सांगितलेलं बरं."

बेबीने सगळ्यांकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "हो. येते मी."

फोन बंद झाला. खरं तर आता आनंदाने नाचायला हवं होतं. पण दवाखान्यात कोणी हललं नाही.

"मग माझा ओटीपी?" आईने एवढ्याशा आवाजात विचारलं, आणि विचारल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं.

"आणि तिकडे तुझा फोन कोण सांभाळणार गं?" आजी म्हणाल्या.

"बघू. मीच सांभाळीन."

तेवढ्यात वॉश बेसिनकडून घर्रघर्र असा आवाज यायला लागला. डॉक्टर पाठमोरे उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. आईला वाटलं, आता भडकणार. सवयीने ती पुढे गेली. "अहो, शांत व्हा. पाणी देऊ का?" आणि तिने मास्क खाली ओढला.

डॉक्टर रडत होते. थोडंथोडकं नाही, दात उपटलेलं पोर रडतं तसं, नाक ओढत, हुंदके देत. "जाऊ दे तिला," ते म्हणत होते. "चांगलं आहे. जाऊ दे. मी कुठे काय म्हणतोय?"

आईचा हात हवेतच राहिला. रागावर तिच्याकडे इलाज होते. फोन काढून घ्यायचा, पायावर पाय द्यायचा, मास्क चढवायचा. यावर काय करतात? तिने सासूबाईंकडे पाहिलं.

"आपण त्याच्या रागाचं तेवढं ठरवलं होतं," आजी हळूच म्हणाल्या. "हे आत आहे, हे कोणाला ठाऊक?"

"बाबा, रडू नका," बेबी म्हणाली. मघाशी चार माणसांना हलवणारा तोच शांत आवाज तिने काढला होता. "माझ्याकडे बघा. श्वास घ्या. लांब श्वा..." आणि इथे आवाज फुटला. ती वडिलांच्या कोटात तोंड खुपसून हमसाहमशी रडायला लागली. ते बघून आईनेही पदर डोळ्यांना लावला.

दारात टेम्पोवाला येऊन उभा राहिला. भूल उतरत आली होती. "गाडी सुरू आहे," तो घाईघाईने म्हणाला. "चला, कोणाला न्यायचंय?" मग त्याने नीट पाहिलं. जिला न्यायचं ती म्हातारी खुर्चीत ठणठणीत बसली होती, आणि बाकीचे तिघे एकमेकांना धरून रडत होते.

"बस थोडा वेळ," आजी त्याला म्हणाल्या. "मला काय, मी कधीही येईन. आधी ह्यांना पोटभर रडू दे."